कण्हेर पिवळी पडली, पिवळी कण्हेर नव्हे

आमच्या अमळनेरच्या घराला पुढच्या भिंतीलगत कण्हेरीची सात झाडं आहेत. सासऱ्यांनी लावलेली. फाटकापासून न्हाणीच्या कोपऱ्यापर्यंत एका रांगेत, पहिली पाच गुलाबी आणि शेवटची दोन लाल. मंगळग्रह मंदिर गावातच असल्यामुळे मंगळवारी लाल फुलांना गल्लीभरातून मागणी. सासूबाईंच्या देवपूजेची परडी तर वर्षाचे बाराही महिने याच झाडांवर भरायची. त्यामुळे २०२४ च्या उन्हाळ्यात ही झाडं पिवळी पडायला लागली, तेव्हा घरात आजारी माणूस असल्यासारखं झालं. एप्रिल ते ऑगस्ट या पाच महिन्यांत मी काय काय केलं, त्यातलं किती चुकलं, पैसे कुठे गेले, ते सगळं तारखांसकट लिहून ठेवतेय. मी शाळेत लिपिक आहे, शेतीतली नाही. माझ्यासारखंच कुणी पिवळं पान हातात धरून अंगणात उभं असेल तर उपयोग होईल.

पहिली नोंद ९ एप्रिलची, म्हणजे गुढीपाडव्याची. गुढीसाठी अंगण झाडताना सुपलीभर पिवळी पानं निघाली. आईंना दाखवली, म्हणजे सासूबाईंना. त्यांचं वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर होतं. त्या ओट्यावर बसून पान लावत होत्या. म्हणाल्या, "चैतमा पाने पडतसच, माय." आणि सुपारी कातरायला लागल्या.

त्यांचं म्हणणं निम्मं खरं होतं, हे मला दोन महिन्यांनी कळलं. कण्हेर सदाहरित असली तरी तिची जुनी पानं उन्हाळ्याच्या तोंडाला पिकून गळतातच. पण मी ऐकलं नाही. ऊन वाढलंय, झाड तहानलंय, असं मनानेच ठरवलं आणि एक दिवसाआड असलेलं पाणी रोज केलं. बोअरची नळी आळ्यात सोडायची आणि घरातलं एखादं काम उरकून यायचं. आमची जमीन काळी, चिकट. पाणी प्यायला वेळ लावते आणि प्यायलेलं सोडायला त्याहून जास्त. पंधरा दिवसांत शेवटची दोन झाडं, लाल फुलांची, खालून पिवळी पडत गेली.

मग मी मोबाइल उघडला.

एका व्हिडिओत सांगितलं, कॅल्शियम कमी पडलंय, अंड्याची टरफलं घाला. आमच्या अंगणात तुळशीशेजारी अंड्याची टरफलं घालणं शक्य नव्हतं, आईंनी मलाच बाहेर काढलं असतं. म्हणून मी शुद्ध शाकाहारी तोड काढली. टपरीवरून पानाच्या चुन्याच्या चार मोठ्या डब्या आणल्या, ४० रुपयांच्या, आणि त्यातल्या दोन बादलीत कालवून सातही झाडांना वाटून घातल्या. दुसऱ्या व्हिडिओत राख सांगितली होती, तीही बंबातून काढून टाकली. शिवाय वर्षभरापासून पाण्याच्या फिल्टरमधून बाहेर पडणारं पाणी वाया जायला नको म्हणून मी ते फाटकाजवळच्या तीन झाडांना घालत होते. पाणी वाचवतोय याचं समाधानही होतं. ह्यांनी एका रविवारी मला न विचारता मूठ मूठ युरिया टाकला. कुणी काय टाकलं याची यादी पुढे प्रयोगशाळेत सांगताना मला मान वर करता येईना.

एप्रिलच्या शेवटी वेगळंच दिसायला लागलं. फाटकाकडच्या तीन झाडांची शेंड्याची, कोवळी पानं फिकट लिंबाच्या रंगाची, पण शिरा मात्र हिरव्या. जणू कुणी हिरव्या पेनाने रेघा ओढल्यात. आणि त्याच शेंड्यांवर पिवळेधमक बारीक किडे, काळ्या पायांचे, दाटीवाटीने. ती फांदी घेऊन मी एका कृषी केंद्रात गेले. काउंटरवरच्या मुलाने फांदीकडे एकदा बघितलं, "मावा आहे" म्हणाला, एक कीटकनाशक आणि एक टॉनिक हातात ठेवलं. ६४० रुपये. मावा होता हे खरंच. कण्हेरीवर येणारा हा पिवळा मावा ठरलेला आहे, आणि त्याच्यामुळे पानं चिकट, काळपट होतात, शेंडे वळतात. पण शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं, हे माव्याचं काम नाही. त्या दिवशी मला हा फरक माहीत नव्हता आणि त्यालाही विचारायला वेळ नव्हता. शाळेतून घरी जेवायला आले तेव्हा दुपारी एक वाजता फवारलं. मे महिन्यात, खानदेशात, दुपारी एक वाजता. दोन दिवसांत पानांच्या कडा करपल्या.

मावा नंतर कशाने गेला ते सांगते: नळीच्या जोरदार पाण्याने, तीन सकाळी लागोपाठ. थोडा उरला तो ठिपक्यांच्या लाल किड्यांनी संपवला. ते औषध अजून माळ्यावर पडून आहे.

१० मे ला आखाजी होती. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते, अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो आणि लेकी-सुना माहेरी जातात. झोके, गौराई, आमरस आणि खापरावरची पुरणपोळी. माझं माहेर रावेरकडचं, केळीवाल्यांचं. निघताना मी कण्हेरीच्या दोन फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकल्या. हे म्हणाले, "माहेरी लोक साडी घेऊन जातात." माहेरी उतरल्या उतरल्या दादा ओरडला तो मात्र वेगळ्याच कारणासाठी: पिशवी मी गोठ्याच्या खुंटीला अडकवली होती. कण्हेरीचं पान, फूल, साल, मूळ, चीक, सगळं विषारी. जनावर सहसा तोंड लावत नाही, पण कापून सुकलेली पानं चाऱ्यात मिसळली गेली तर थोड्यानेही जीव जाऊ शकतो. पिशवी लगेच पत्र्याच्या वर गेली.

जेवणं झाल्यावर दादाने ओसरीवर दोन्ही फांद्या शेजारी शेजारी ठेवल्या. एक फाटकाजवळच्या झाडाची, एक न्हाणीजवळच्या.

"ताई, पिवळं पान नवं आहे का जुनं?"

मी म्हटलं, पिवळं ते पिवळं.

"तसं नाही. हिची शेंड्याची पिवळी आहेत, खालची हिरवी. हिची खालची पिवळी, शेंडा हिरवा. हे दोन वेगळे आजार आहेत. तू दोघांना एकच औषध पाजतेयस."

मग त्याने समजावलं. नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडलं की झाड जुन्या पानातलं काढून नव्या पानाला पुरवतं, म्हणून आधी जुनी पानं पिवळी. लोहाचं तसं नाही. एकदा जुन्या पानात बसलेलं लोह तिथून सहसा हलत नाही, म्हणून जमिनीतून मिळेनासं झालं की शेंडा पिवळा पडतो आणि शिरा हिरव्या राहतात. केळीत त्याने हे कितीदा बघितलंय. "पण डोळ्याने बघून लोहच म्हणायचं नाही," तो म्हणाला. "माती आणि पाणी तपास. अन् तोवर काही टाकू नको. काहीच."

काहीच न टाकणं हा पुढच्या महिन्यातला सगळ्यात अवघड भाग होता.

परत आल्यावर मोबाइलमधले जुने फोटो चाळले. फेब्रुवारीच्या २ ते ४ तारखेला आमच्या गावात ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हा नाशिकची नणंद-नंदोई मुक्कामाला होते. ३ तारखेच्या सकाळी फाटकात उभं राहून काढलेला फोटो सापडला. मोठा करून बघितला, तर नंदोईंच्या खांद्यामागे पहिल्या झाडाचे शेंडे तेव्हाच फिकट होते. म्हणजे उन्हाळ्याचा, माव्याचा, कशाचाच संबंध नव्हता. आजार आधीच आला होता, मी चुना घालून त्याला बळ दिलं होतं. तुमच्याकडेही झाडासमोर काढलेले फोटो असतील, दिवाळीचे, हळदीकुंकवाचे. आधी ते बघा.

१३ मे ला आमच्याकडे लोकसभेचं मतदान होतं. १५ तारखेला मी माती तपासणीची चौकशी करायला एका कार्यालयात गेले. माणसं निवडणुकीच्या कामावरून नुकतीच परतत होती, टेबलावर कोणी नाही. १७ ला परत गेले. फॉर्म मिळाला. त्यात शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, क्षेत्र, मागचं पीक, पुढचं पीक. मी म्हटलं, गट नंबर नाही, सिटी सर्व्हे नंबर आहे. क्षेत्र? चाळीस फूट लांब, चार फूट रुंद. पीक? कण्हेर. समोरच्या गृहस्थांनी पेन खाली ठेवलं. वाईट बोलले नाहीत, पण सातबारा नसेल तर नमुना कोणत्या खात्यात दाखवायचा हा त्यांचा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. "जळगावला खासगी प्रयोगशाळा आहेत, तिथे हे विचारत नाहीत," असं त्यांनीच सुचवलं. दोन रजा अर्ध्या अर्ध्या गेल्या.

जळगावच्या एका प्रयोगशाळेला फोन केला. पलीकडच्या मुलाशी पहिली पाच मिनिटं अशी गेली:

"कण्हेर पिवळी पडलीय हो."

"पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी ना?"

"बिट्टी नाही. गुलाबी कण्हेर. ती पिवळी पडलीय."

"फुलं पिवळी आलीत?"

शेवटी मी म्हटलं, झाडाचं नाव सोडा, माती कशी आणायची ते सांगा. त्याने नीट सांगितलं. खत टाकलेल्या जागेची माती लगेच घ्यायची नाही, खत-पाणी टाकल्यानंतर काही आठवडे जाऊ द्यायचे. उकिरड्याजवळची, बांधाची, राख पडलेल्या जागेची वरची माती नको. इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा करायचा आणि त्याच्या बाजूची माती वरून खालपर्यंत सारख्या जाडीने खरवडायची. लोह-जस्त बघायचं असेल तर लोखंडी खुरप्याची माती नमुन्यात येऊ द्यायची नाही. खड्डा खुरप्याने करा, पण शेवटचा थर लाकडी चमच्याने किंवा बांबूच्या कामटीने काढा. चार-पाच ठिकाणची माती प्लास्टिकच्या घमेल्यात एकत्र करून, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो ठेवायची. सावलीत वाळवायची. खताच्या रिकाम्या पिशवीत भरायची नाही. पाण्यासाठी बोअर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवायचं, स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची आणि काठोकाठ भरून शक्यतो त्याच दिवशी पोहोचवायची.

१९ मे ला खड्डे खणायला जिभाऊंना बोलावलं. ते आमच्या कॉलनीतल्या चार-पाच घरांच्या बागा बघतात. पहिल्या झाडाजवळ वीतभर खाली गेले आणि खुरपं खणकन वाजलं. पांढरी ढेकळं. दुसऱ्या झाडाजवळ तीच. तिसऱ्याजवळ तर सिमेंटचा अख्खा लपका. २०२१ मध्ये फाटकाची भिंत पडली होती, ती नव्याने बांधली. गवंड्याने गिलाव्याचा राडारोडा उचलून न्यायचे पैसे घेतले होते आणि तो तिथेच पुरून वर चांगली माती पसरली होती. आमची काळी माती मुळातच चुनखडीची, त्यात हा चुना-सिमेंट, त्यावर माझ्या पानाच्या चुन्याच्या दोन डब्या. जिभाऊ हसले नाहीत, म्हणून मला जास्त लाज वाटली.

न्हाणीकडच्या दोन झाडांपाशी खड्डा केला तर उलटंच. राडारोडा नाही, पण माती ओली गच्च, कुजकट वास. बारीक मुळ्या तपकिरी, बोटांत धरल्या की साल सुटून हातात. न्हाणीच्या पाइपचा जोड फुटला होता आणि साबणाचं पाणी गुपचूप तिकडे मुरत होतं, वरून मी रोज नळी सोडत होते. "मुया सडी गयात, ताई," जिभाऊ म्हणाले. "पानी कितलं टाकतस तुम्ही?" मी खरं सांगितलं. त्यांनी खुरपं पुसलं. "झाडले तान लागू द्या जराशी."

तेव्हा मला हायवेच्या दुभाजकावरची कण्हेर आठवली. धूर, धूळ, डोक्यावर ऊन, कधीतरी येणारा टँकर, आणि तरी लगडलेली.

तर सात झाडांचे तीन गट पडले. पहिली तीन राडारोड्यातली, शेंडे पिवळे. शेवटची दोन पाण्यात बुडालेली, खालून पिवळी. मधल्या चौथ्या-पाचव्याला काहीच झालं नव्हतं, फक्त चैताची पानगळ. आई त्या दोन झाडांच्या बाबतीत पहिल्या दिवशीच बरोबर होत्या.

मी नमुने वेगळे ठेवले, म्हणून पैसे दुप्पट लागतील असं वाटलं. प्रयोगशाळेतल्या मुलाने सल्ला दिला, न्हाणीकडचं कारण डोळ्याला दिसतंय, त्याची माती तपासू नका. पैसे वाचवणारा सल्ला देणारा माणूस भेटला की विश्वास बसतो. २२ मे ला सकाळच्या गाडीने जळगावला गेले, मांडीवर कापडी पिशवीत अर्धा किलो माती आणि हातात पाण्याची बाटली. शेजारच्या बाईंनी विचारलं, "तीर्थ आहे का?" मातीचे सूक्ष्म अन्नद्रव्यांसह ६०० रुपये, पाण्याचे ३५०. पावती घेतली. मुलाने माझ्यासमोर थोड्या मातीवर पातळ आम्लाचे थेंब टाकले. माती सोडा वॉटरसारखी फसफसली. "चुना," तो म्हणाला. घरी हे व्हिनेगरनेही करता येतं. फसफसली तर चुनखडी आहे एवढंच कळतं, किती ते नाही.

अहवाल आठ दिवसांत म्हणाले. तो १० जूनला आला, एकोणीस दिवसांनी. मध्ये तीन फोन केले, तिन्ही वेळा "उद्या". पण त्या मुलाने वाट बघताना करायला एक काम दिलं होतं आणि या सगळ्या प्रकरणातलं मला सगळ्यात आवडलेलं काम तेच.

एकाच झाडाची सारखीच पिवळी अशी तीन कोवळी पानं निवडायची. एकाला लोहाचं पाणी ब्रशने लावायचं, दुसऱ्याला मॅग्नेशियमचं, तिसऱ्याला साधं. आठवडाभर बघायचं. जे हिरवं होईल ते झाडाचं दुखणं. झाडालाच विचारायचं, अहवालाच्या आधी.

लोहासाठी हिराकस आणला, म्हणजे फेरस सल्फेट. किलोभर ६० रुपये. मॅग्नेशियम सल्फेट ६० रुपयांचं. हिराकस एक लिटरला पाच ग्रॅम. पहिल्या दिवशी मी तो बोअरच्या पाण्यात विरघळवला आणि अर्ध्या तासात पाणी चहासारखं तपकिरी झालं. म्हणजे लोह गंजलं, पानाच्या कामाचं राहिलं नाही. दुसऱ्यांदा फिल्टरचं चांगलं पाणी घेतलं, त्यात आधी एक ग्रॅम लिंबूफूल विरघळवलं आणि मग हिराकस. पाणी फिकट हिरवट राहिलं. असंच दिसायला हवं. कण्हेरीचं पान मेणचट, त्यावर थेंब ठरत नाही, म्हणून शांपूचे दोन थेंब घातले. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना सहज विचारलं तर त्या खुलल्याच. कण्हेरीच्या पानाची श्वासछिद्रं खालच्या बाजूला खोलगट खळग्यांत दडलेली असतात, त्यात केसही असतात, म्हणून हे झाड कोरड्यात तग धरतं. "लावायचं तर पानाच्या खालून लावा," त्यांनी सांगितलं. मी दोन्ही बाजूंनी लावलं.

२४ मे ला संध्याकाळी ऊन उतरल्यावर दुसऱ्या झाडावर ही रंगरंगोटी केली. लोहाला लाल दोरा, मॅग्नेशियमला पांढरा, साध्याला काळा. बाहेर पारा ४५ च्या आसपास होता. काळा दोरा बघून दोन शेजारणींनी आईंना विचारलं, झाडाला नजर लागली का. आईंनी "हो" सांगून टाकलं. सोपं पडलं ते.

२८ ला लाल दोऱ्याच्या पानावर हिरवे ठिपके. १ जूनला ठिपके मिळून धब्बे झाले, जिथे ब्रश नीट फिरला होता तिथे. पांढरा आणि काळा दोरा होता तसाच. मी त्या पानाचा फोटो दादाला पाठवला. त्याने फक्त अंगठा पाठवला.

या आनंदात एक गोंधळ झाला. उरलेलं हिराकसाचं पाणी तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर सांडलं आणि पांढऱ्या संगमरवरी फरशीवर गंजाचा डाग पडला. तो अजून आहे. हिराकस वापराल तर फरशीपासून लांब.

१० जूनच्या अहवालात असं होतं. मातीचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप (पीएच), ८.६. मुक्त चुना १४ टक्के. सेंद्रिय कर्ब ०.४८, मध्यम. झाडाला घेता येईल असं लोह २.९ पीपीएम (दहा लाखांत २.९ भाग), हवं किमान ४.५. जस्त ०.५, हवं ०.६, म्हणजे थोडक्यात हुकलेलं. पाण्याचा सामू ८.१, क्षारता १.९, आणि बायकार्बोनेटमुळे शिल्लक राहणारा सोडा, ज्याला ते आरएससी म्हणतात, ३.१, अडीचच्या वर गेलं की पाणी सिंचनाला अयोग्य धरतात. बादलीच्या कडेला बसणारा पांढरा थर याच पाण्यातल्या क्षारांचा. आणि फिल्टरमधून बाहेर पडणारं पाणी म्हणजे याच पाण्यातले क्षार आटवून दाट केलेले. मी वर्षभर तेच पाजत होते.

शिफारशीच्या रकान्यात मात्र पीक म्हणून डाळिंब छापलं होतं. त्यांच्या यादीत कण्हेर नव्हती, म्हणून कुणीतरी जवळचं झुडूप निवडलं असावं. खताचे आकडे सगळे हेक्टरी. हेक्टरी २५ किलो हिराकस जमिनीतून द्या, असं. हिशोब केला, चौरस मीटरला अडीच ग्रॅम. तीन झाडांना मिळून जेमतेम काही चमचे. फोन करून विचारलं तर मुलगाच म्हणाला, ते विसरा. तुमच्या मातीत हिराकस टाकून उपयोग नाही, चुन्यात पडला की तो बांधला जातो. लोह तुमच्या मातीत भरपूर आहे, झाडाला घेता येईना इतकंच. गंजके खिळे पुरणाऱ्यांचंही तसंच होतं.

मग चिलेटेड लोह, म्हणजे चुन्यात बांधलं जाऊ नये म्हणून दुसऱ्या रसायनाने धरून ठेवलेलं लोह. इथेही एक फसगत. दुकानात "चिलेटेड फेरस" मागितलं तर ईडीटीए हातात आलं, १८० रुपये. ते कमी सामूच्या मातीत किंवा फवारणीला ठीक, पण सामू साडेआठच्या चुनखडीत टिकत नाही. पुडीवर ईडीडीएचए असं लिहिलेलं बघून घ्या, अक्षरं मोजून. ते जळगावहून मागवलं, अर्धा किलो ५२० रुपये. गडद लालसर भुकटी, पाण्यात टाकली की पळसाच्या रंगासारखं लाल पाणी होतं. झाडाला १५ ग्रॅम, दहा लिटर पाण्यात, संध्याकाळी, मुळांच्या घेरात. वर लगेच थोडं साधं पाणी.

पण त्याआधी जिभाऊंनी पहिल्या तीन झाडांभोवतीचा राडारोडा काढला. दीड दिवस, ७०० रुपये, सात घमेली पांढरी ढेकळं. मुळं दुखावतील म्हणून सगळं नाही काढलं, हाताला लागेल तेवढंच. त्या जागी शेणखत आणि नदीकाठची पोयटा माती. न्हाणीचा पाइप प्लंबरकडून बदलला आणि शेवटच्या दोन झाडांशी उतार काढून एक लहान चारी खणली. फिल्टरचं पाणी आता फरशी आणि संडास धुवायला. झाडांना आठवड्यातून दोनदा पाणी, तेही बोट घालून दोन पेरं माती कोरडी लागली तरच. नळाचं पाणी पिंपात साठवून शक्यतो तेच.

१४ जूनला लोह दिलं. तीन दिवसांनी पाऊस आला. पावसाच्या पाण्यात क्षार नसतात, त्यामुळे यश नेमकं कशाचं हे मी सांगू शकत नाही; दोघांचं मिळून धरते. जूनअखेर नवे शेंडे हिरवे निघाले. आधीच पूर्ण पिवळी झालेली पानं बरीचशी हिरवी झालीच नाहीत, ती गळाली. रोज तीच पानं बघत बसू नका, नवा कोंब बघा. १५ जुलैला लोहाचा दुसरा डोस.

सहावं झाड सावरलं. सातवं नाही. जुलैत त्याच्या फांद्या एकेक करून वाळल्या. जिभाऊंनी ते जमिनीपासून हातभर ठेवून कापलं. कापताना हातमोजे, डोळ्याला हात नाही, चीक लागला तर लगेच साबण. फांद्या मी वाळवून बंबात घालणार होते, आईंनीच अडवलं: कण्हेरीचा धूरसुद्धा घातक. शेगडीला, चुलीला, होळीला, कशालाच नाही. गल्लीत शेळ्या फिरतात, म्हणून गोणीत बांधून घंटागाडीवाल्याला सांगून दिल्या.

हिशोब: तपासणी ९५०, चिलेटेड लोह ५२०, हिराकस-मॅग्नेशियम-लिंबूफूल १४०, जिभाऊ ७००. प्लंबर, माती आणि गाडीभाडं वेगळं. न विचारता घेतलेलं औषध-टॉनिक, चुना आणि चुकीचं चिलेट मिळून ८६०.

११ ऑगस्टला, श्रावणातल्या रविवारी, आमच्याकडे कानबाई बसली, म्हणजे खानदेशातल्या या देवीची घरी स्थापना झाली. आदल्या संध्याकाळी आई काठी टेकत रांगेतून फिरल्या. पहिल्या झाडाला सात-आठ गुच्छ होते, दुसऱ्याला चार, तिसऱ्याला फक्त कळ्या. सहाव्याची लाल फुलं त्यांनी कानबाईसाठी राखून ठेवली. सातव्याच्या बुंध्याला दोन कोंब फुटलेत, बोटाएवढे. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, फक्त काठीच्या टोकाने आजूबाजूचं गवत बाजूला केलं.

पानाच्या चुन्याच्या दोन डब्या उरल्या होत्या. त्या आईंच्या पानाच्या डब्यात गेल्या.